हिशेब वाचून दाखविणारा माणूस

हिशेबनिसाची कचेरी आणि तिच्याकडे येणारीं माणसें यांचे संबंध कसे सुधारावे, या विषयावर बोलण्यासाठीं एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास पाचारण केलें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मलाही वाटलें. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत झालेलें. आयुष्य बुलढाणा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत गेलें. ताळेबंद मीं कधीं तयार केला नाहीं. परंतु ज्यांच्यासाठीं ताळेबंद तयार होतो त्या सामान्य माणसांपैकीं मी एक आहें. आणि गेल्या वर्षीं सुमारें दोन महिने एका हिशेबनिसाच्या कचेरींतील बांकावर बसून जें पाहिलें, तें आपल्यापुढें ठेवण्याजोगें आहे असें मला वाटतें.

प्रथम थोडें मागें जाऊं. आमचें गांव घाटाखालचें. वडील कोरडवाहू शेतकरी. शेतांत कापूस आणि ज्वारी. कापूस विकावयाचा तो खामगांवच्या पेठेंत. जलंबहून खामगांवास येणारा आगगाडीचा फांटा 1870 सालीं सुरू झाला, आणि ही पेठ कापसासाठीं दूरवर ओळखली जाऊं लागली. शेतकऱ्याची वजनांत व कपातींत फसवणूक होऊं नये म्हणून वऱ्हाडांत फार लवकर प्रयत्न झाले. 1886 सालीं कारंजा येथें नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि 1897 सालीं कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं वऱ्हाडांत स्वतंत्र कायदा झाला. कायद्यानें काटा सरळ केला. मात्र काट्यावरचा आकडा शेतकऱ्याच्या डोक्यांत उतरविणें कायद्याच्या हातचें नव्हतें. तें काम मुनीमजींचें होतें.

1972 सालीं सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, त्याच्या आधींची ही गोष्ट आहे. मी आठनऊ वर्षांचा असेन. कापसाच्या गाडीवर बसून वडिलांबरोबर मी पेठेंत जात असें. वाटेंत अडत्यांचीं तीन दुकानें लागत. वडील तीं तिन्ही ओलांडून चौथ्या दुकानापुढें गाडी सोडीत. तेथील मुनीमजी वयस्कर होते. माप होऊन हिशेबपट्टी तयार झाली म्हणजे ते वडिलांना जवळ बसवीत आणि पट्टी मोठ्यानें वाचीत: वजन इतकें, दर इतका, त्याचे रुपये इतके, त्यांतून हमाली इतकी, तोलाई इतकी, अडत इतकी, आखाडांत नेलेली उचल इतकी, राहिले ते तुमच्या हातीं इतके. मग चष्मा कपाळावर सारून म्हणत, "आतां तुम्ही सांगा." वडील तोंडी सगळी पट्टी पुन्हां म्हणून दाखवीत. कोठें अडखळले तर मुनीमजी तेवढी ओळ पुन्हां वाचीत. वडिलांच्या तोंडून ती बरोबर आल्याखेरीज ते अंगठा घेत नसत.

एकदां वडील म्हणतां म्हणतां थांबले. हमाली दोन वेळां लागली होती. रक्कम बारा रुपयांची. पण त्या काळीं बारा रुपयांत घराचें पुष्कळ भागे. मुनीमजींनीं शेठजींच्या देखत चूक मान्य केली. चुकीची ओळ त्यांनीं खोडून काळी केली नाहीं. तिच्यावर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचतां येईल असा ठेवला, आणि शेजारीं नवा आकडा लिहिला. परततांना मीं वडिलांना विचारलें कीं, आपण तीन दुकानें सोडून एवढ्या लांब कां येतों? ते म्हणाले, "मले वाचता नाही येत, पन आयकता त येते ना! हा वाचून दाखोते."

श्रोतेहो, हिशेबनीस आणि त्याचें अशील यांच्या नात्याविषयीं मला जें सांगावयाचें आहे, तें सर्व माझ्या निरक्षर वडिलांच्या या उत्तरांत आहे. ज्याचा हिशेब, त्याला तो वेळेवर वाचून दाखविला पाहिजे, आणि त्याला तो समजला कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. कचेरीची सारी व्यवस्था या एका कामासाठीं असावी. हें आज किती कठीण झालें आहे, आणि म्हणूनच किती अगत्याचें आहे, तें आतां सांगतों.

मुनीमजींच्या काळीं रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्यांत दुकानाचा संसार मावत असे. 1949 सालीं सनदी हिशेबनिसांचा कायदा झाला आणि त्या वर्षाच्या 1 जुलैपासून या व्यवसायाला स्वतःची संस्था व स्वतःची शिस्त लाभली. 1 जुलै 2017 रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि गांवोगांवच्या लहान दुकानदारालाही संगणकावरून विवरणपत्रें पाठविणें भाग पडलें. या करांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. विकणाऱ्यानें आपलीं बिलें वेळेवर नोंदविलीं नाहींत, तर विकत घेणाऱ्यानें त्याला दिलेला कर घेणाऱ्याच्या खात्यांत वजावटीसाठीं दिसत नाहीं. म्हणजे एका कचेरींतील दिरंगाईची झळ तिनें कधींही न पाहिलेल्या तिसऱ्या माणसास लागते. विवरणपत्रास उशीर झाला तर दिवसागणिक विलंबशुल्क चढतें; आणि दरमहा विवरणपत्र भरावयाचें असून सलग सहा महिने भरलें नाहीं, तर दुकानाची नोंदणीच रद्द होऊं शकते. ही शेवटची आपत्ति माझ्या डोळ्यांदेखत एकावर आली.

आमच्या तालुक्याच्या गांवीं माझा एक जुना विद्यार्थी सनदी हिशेबनीस आहे. मुलगा हुशार, मेहनती आणि सचोटीचा. हाताखालीं तीन सहायक आणि दोन उमेदवार, अशिलें दोनशेंवर. त्याच गांवांत माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचें पाण्याचे पंप, नळ आणि ठिबकचें सामान विकण्याचें दुकान आहे. हा दर महिन्यास बिलांची पिशवी त्या कचेरींत नेऊन देई आणि ठरलेले पैसेही देई. आपलें सर्व सुरळीत चाललें आहे अशी त्याची समजूत होती. एके दिवशीं त्याच्याकडून नेहमीं माल घेणारा ठेकेदार म्हणाला, "तुमचें बिल मला चालणार नाहीं; तुमची नोंदणी रद्द झालेली दिसते." दुकानदार त्याच रात्रीं माझ्या घरीं आला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. पण ओट्यावर असा बसला, कीं जणूं परीक्षेचा निकाल ऐकून आलेला पोर.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याच्याबरोबर कचेरींत गेलों. चौकशींत उलगडा झाला. त्याचें काम पाहणारा सहायक दिवाळींत नोकरी सोडून गेला होता. नोंदणी करतांना त्यानें सरकारी नोंदींत दुकानदाराच्या ऐवजीं स्वतःचाच भ्रमणध्वनि आणि स्वतःचाच ईमेल लिहिला होता. सरकारकडून आलेल्या सर्व सूचना त्या परगांवीं गेलेल्या मुलाच्या हातांत पडत होत्या. इकडे पिशव्या कपाटांत जमत गेल्या. त्या कोणाच्याच माथीं नव्हत्या. रद्द झालेली नोंदणी पूर्ववत् करून घेण्यासाठीं थकलेलीं सर्व विवरणपत्रें भरून, कर, व्याज व विलंबशुल्क चुकते करून 90 दिवसांच्या आंत अर्ज करावा लागतो. त्यांपैकीं 61 दिवस उलटून गेले होते.

माझा हिशेबनीस विद्यार्थी प्रथम म्हणाला, "गुरुजी, यांनींही मधून मधून विचारावयास हवें होतें." दुकानदार हळूच म्हणाला, "मी नऊ वेळां आलों, साहेब. तुम्ही कामांत आहांत असें सांगत." मीं विचारलें, "तूं याला प्रत्यक्ष शेवटचा कधीं भेटलास?" त्याला आठवेना. खोलींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

या क्षणीं त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. दोष गेलेल्या नोकरावर घालून मोकळें होणें ही एक; आणि ती सोपी होती, कारण तो मुलगा उत्तर द्यायला तेथें नव्हता. त्यानें दुसरी वाट धरली. संगणक दुकानदाराकडे वळविला आणि सर्व प्रकरण त्याला वाचून दाखविलें: किती विवरणपत्रें राहिलीं, कर किती, व्याज किती, विलंबशुल्क किती. मग म्हणाला, "कर तुमचा आहे, तो तुम्हांला भरावा लागेल. व्याज आणि विलंबशुल्क माझ्या कचेरीच्या चुकीमुळें आहे. तें मी भरीन." रक्कम त्याच्या ऐपतीला टोंचण्याइतकी होती. दुकानदारानें आभार मानले नाहींत, कीं संतापही केला नाहीं. "आधीं नोंदणी परत येऊं द्या," एवढेंच म्हणून तो उठला. तो गेल्यावर माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, कांहीं दिवस येथें येऊन बसा, आणि काय चुकतें तें मला सांगा. आंतून मला दिसत नाहीं."

याप्रमाणें मी त्या बांकावर बसूं लागलों. तेथें दिसलेल्या गोष्टी त्या एकाच कचेरीच्या आहेत असें मला वाटत नाहीं. म्हणून त्या सांगतों.

पहिली गोष्ट अशी, कीं कचेरींतील सर्व ज्ञान एका माणसाच्या डोक्यांत होतें. बांकावर दहा माणसें बसलेलीं असत. त्यांपैकीं सात जणांना फक्त दोन वाक्यें हवीं असत: "तुमचें काम झालें," किंवा "तुमचा अमुक कागद यावयाचा आहे." परंतु तीं दोन वाक्यें बोलण्याचा अधिकार आणि माहिती, दोन्ही एकाकडेच, आणि तो एक कधीं टेलिफोनवर, कधीं परगांवीं, कधीं शेवटच्या तारखेच्या कामांत गढलेला. महिला बचत गटाच्या एक बाई तीन दिवस सारख्या येत होत्या. तिसऱ्या दिवशीं कळलें कीं, त्यांचें काम पहिल्याच दिवशीं झालें होतें.

दुसरी गोष्ट भाषेची. सहायक मुलें किराणा दुकानदाराशीं अशा शब्दांत बोलत, कीं जे त्यांना स्वतःला पुस्तकांत शिकतांना जड गेले असतील. दुकानदार मान हालवी आणि निघून जाई. मीं छत्तीस वर्षें मुलांच्या माना हालतांना पाहिल्या आहेत; न समजलेली मान कशी हालते तें मला ओळखतां येतें. शाळेंत अशी मान दिसली म्हणजे आम्ही त्या मुलाला उभें करून विचारीत असूं, "काय समजलें तें सांग." खामगांवचे मुनीमजी तेंच करीत. कचेरींत मात्र तें कोणी करीत नव्हतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मला उशिरां कळली. हाताखालीं काम करणारी एक मुलगी एके दिवशीं दुपारीं डबा खातांना मला म्हणाली, "गुरुजी, पंपवाल्यांचीं विवरणपत्रें राहिलीं आहेत हें मला तीन महिने आधीं दिसलें होतें." मीं विचारलें, "मग बोलली कां नाहींस?" ती म्हणाली, "सर त्या दिवसांत फार चिडलेले असतात. काम माझें नव्हतें. म्हटलें, आपल्यावर येईल." तिच्या परवानगीनें मीं ही गोष्ट तिच्या साहेबांस सांगितली. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हणालों, "बाळ, ज्या वर्गांत छडी फार, त्या वर्गांतील चुका वहींत राहत नाहींत, त्या दप्तरांत जाऊन लपतात. तूं छडी वापरीत नाहींस; पण तुझा आवाज छडीचें काम करतो."

व्यवस्थेवरचे ग्रंथ मीं वाचलेले नाहींत. परंतु सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणें हीही एक व्यवस्थाच असते, आणि तिचीं साधनें साधीं असतात. शाळेंत दाखल-खारीजचें रजिस्टर असतें, हजेरीपट असतो, आणि प्रत्येक शिक्षकाची टाचणवही असते. शिक्षक आजारी पडला तर दुसऱ्यानें टाचण उघडावें आणि धडा पुढें चालवावा. बदली झाली तर यादी करून, सह्या घेऊन चार्ज द्यावा, आणि मगच गांव सोडावें. या तिन्ही गोष्टी त्या कचेरींत आणतां येतील असें मीं सुचविलें. आणि सर्वांनीं मिळून त्यांना रूप दिलें.

एक नोंदवही केली. संगणकावर केली तरी चालते. तेथें ती दोन्ही ठिकाणीं आहे. प्रत्येक अशिलास एक पान. पानावर पांच रकाने: काम कोणतें, त्याची मुदत कोणती, अशिलाकडून काय यावयाचें आणि तें कधीं आलें, काम कोणाकडे आणि तो नसतांना कोणाकडे, अशिलास काय कळविलें आणि कोणत्या तारखेस. पहिले चार रकाने दोन दिवसांत भरले. पांचवा जवळजवळ कोरा राहिला. कचेरींत कामें होत होतीं. सांगणें होत नव्हतें. तो कोरा रकाना पाहून माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, माझी कचेरी या एका रकान्यांत नापास झाली."

दर सोमवारीं सकाळीं अर्धा तास ही वही मोठ्यानें वाचावयाची, जशी शाळेंत हजेरी घेतात तशी. ज्या पानावर मुदत जवळ आली आणि कागद आलेला नाहीं, त्या अशिलास त्याच दिवशीं कळवावयाचें. चूक दिसली तर ती ज्याची असेल त्यानें, किंवा ज्याला दिसली त्यानें, त्याच बैठकींत सांगावयाची. आणि चूक सांगणाऱ्यास त्या दिवशीं कोणीं रागें भरावयाचें नाहीं, असा नियम साहेबांनीं स्वतः घालून घेतला. पहिल्या सोमवारीं कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या सोमवारीं ती मुलगी बोलली. तिसऱ्या सोमवारपासून वहींतील चुका बाहेर येऊं लागल्या.

सर्व अशिलांच्या सरकारी नोंदी तपासल्या आणि जेथें जेथें कचेरींतील कोणाचा भ्रमणध्वनि होता, तेथें मालकाचा घातला. श्रोतेहो, आपणांपैकीं जे दुकानदार असतील त्यांनीं ही एक गोष्ट या आठवड्यांतच पाहून घ्यावी. आपल्या नांवानें येणारी सरकारची सूचना आपल्याच हातांत पडली पाहिजे. हिशेबनिसाला तिची प्रत मिळावी.

दुपारीं चार ते पांच हा तास साहेबांनीं फक्त अशिलांशीं बोलण्यासाठीं राखला. कामाचें मोल आधीं सांगावयाचें आणि कागदावर लिहून द्यावयाचें, असें ठरलें. कारण वर्षाअखेर होणारीं बहुतेक भांडणें रकमेवरून नसतात, ती रक्कम अचानक कानावर पडते म्हणून असतात. नफ्याच्या शेंकडेवारीवर मोल घेण्यास या व्यवसायाचा कायदा सामान्यतः मनाई करतो, आणि तें योग्यच आहे. ज्याला नफा मोजावयाचा, त्याचा त्या नफ्यांत वांटा असूं नये. शिवाय कचेरीच्या आवांक्याबाहेर गेलेलीं कांहीं अशिलें त्यांच्या संमतीनें, सर्व कागद यादीनिशीं हवालीं करून, दुसऱ्या हिशेबनिसांकडे सोंपविलीं. याला त्यांतल्या त्यांत अधिक धैर्य लागलें. दोनशें अशिलांचा अभिमान माणसाला सहज सोडवत नाहीं.

आणि शेवटची गोष्ट वाचून दाखविण्याची. कोणत्याही कागदावर सही घेण्यापूर्वीं तीन आकडे अशिलाला त्याच्या भाषेंत सांगावयाचे: वर्षांत विक्री किती झाली, खर्च जाऊन राहिलें किती, आणि कर किती व कां. मग म्हणावयाचें, "आतां तुम्ही सांगा." यास दहा मिनिटें लागतात. ही दहा मिनिटें परवडत नाहींत असें म्हणणाऱ्यांनीं त्या दुकानदाराच्या नऊ फेऱ्या मोजाव्या.

आतां एक सावधगिरीची सूचना. संबंध सुधारावे म्हणजे अशिलाची मर्जी राखावी, असा अर्थ कोणी करूं नये. रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळच्या वीजप्रकल्पामुळें एन्रॉन हें नांव आपल्या महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें होतें. त्या अमेरिकन कंपनीचे हिशेब आर्थर अँडरसन नांवाची जगप्रसिद्ध पेढी तपासत असे. 2000 सालीं या एका अशिलाकडून त्या पेढीस हिशेबतपासणीचे सुमारें अडीच कोटी डॉलर मिळाले. आणि सल्लामसलत व इतर कामांचे त्याहूनही अधिक, सुमारें दोन कोटी सत्तर लक्ष डॉलर मिळाले. डिसेंबर 2001 मध्यें एन्रॉनचें दिवाळें निघालें. पाठोपाठ कागदपत्र नष्ट केल्याबद्दल पेढीवर खटला झाला आणि 2002 सालीं ती दोषी ठरली. 2005 सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल रद्द केला. परंतु तोंपर्यंत पेढी मोडून गेली होती आणि हजारों निरपराध नोकर दारोदार झाले होते. ज्या अशिलाला 'नाहीं' म्हणण्याची छाती आपल्याला होत नाहीं, तें अशील आपलें मालक झालें असें समजावें. खामगांवच्या मुनीमजींनीं शेठजींच्या देखत वडिलांची बाजू धरली. उद्यां वडील चुकले असते तर त्यांनाही ते तितक्याच मोठ्यानें सांगते. माझ्या विद्यार्थ्याकडे एक गृहस्थ येत. विक्री कमी दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. पूर्वीं तो त्यांना टाळत असे. आतां त्यानें त्यांना समोर बसवून स्पष्ट 'नाहीं' सांगितलें. ते गेले. त्या महिन्यांत कचेरीची प्राप्ति कमी झाली, हें खरें आहे आणि तें मी लपवीत नाहीं.

अशिलाचींही कर्तव्यें आहेत. पिशवीभर बिलें शेवटच्या संध्याकाळीं आणून टाकणारा दुकानदार, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणारा विद्यार्थी, या दोघांना माझ्या शाळेंत एकाच बांकावर बसवलें असतें. बिलें दर महिन्यास ठरल्या तारखेस द्यावीं. वैद्यापासून दुखणें आणि हिशेबनिसापासून व्यवहार लपवूं नये. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगणें, कायद्यानें सांगणें भाग असेल तेथें सोडून, हिशेबनिसाच्या व्यवसायांत गैरवर्तन मानलें जातें, म्हणून भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मोल वेळेवर द्यावें. आणि समजल्याशिवाय सही करूं नये. "मला समजलें नाहीं" हें वाक्य उच्चारण्यास लाज वाटूं देऊं नये. मीं वर्गांत त्या वाक्यास नेहमीं अर्धा गुण अधिक दिला.

त्या दुकानदाराचें पुढें काय झालें, हें विचारण्याचा आपला हक्क आहे. दोन सहायक आणि स्वतः साहेब, असे तिघेजण रात्रीं उशिरांपर्यंत बसले. 72 व्या दिवशीं अर्ज गेला आणि कांहीं दिवसांनीं नोंदणी पूर्ववत् झाली. साहेबांनीं आपला शब्द पाळला. ही हकीकत गांवांत पसरली तेव्हां दोन जुनीं अशिलें निघून गेलीं. दुकानदार मात्र गेला नाहीं. तो राहीलच असें मला वाटलें नव्हतें. त्यालाही तीन आठवडे ठरवतां येईना. मग एके दिवशीं चारच्या ठोक्यास तो पिशवी घेऊन आला, आणि साहेबांपुढें बसून म्हणाला, "द्या वाचून."

आतां तो दर महिन्यास येतो. गेल्या महिन्यांत मी तेथें सहज गेलों होतों. साहेबांनीं तीन आकडे वाचले. "आतां तुम्ही सांगा," असें म्हटलें. दुकानदारानें पहिले दोन बरोबर सांगितले आणि तिसऱ्याला अडखळला. बाहेर बांकावर माणसें खोळंबलीं होतीं, टेलिफोन वाजत होता. साहेबांनीं टेलिफोनकडे पाहिलें नाहीं. कागद पुन्हां उचलला, आणि तिसरी ओळ पहिल्यापासून वाचावयास घेतली.

माझे वडील आज नाहींत. ते त्या बांकावर असते, तर वाटेंतल्या तीन कचेऱ्या ओलांडून तेथेंच येऊन बसले असते, असें मला वाटतें.